आठ महिन्यांचा फोटो, दहा वर्षांची मुलगी

१२ जून २०२५ ला लेक दहा वर्षांची झाली आणि सासऱ्यांनी तिला पाच हजारांचा चेक दिला. रोख नाही, चेक, तोही तिच्याच नावावर. "आता उघडा तिचं खातं," म्हणाले. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. मी तो फ्रिजवर चुंबकाखाली लावला आणि म्हटलं, तीन महिने म्हणजे रग्गड.

बँकेचं काम खरं तर सरळ आहे. मुलीचा जन्मदाखला, तिचं आधार, माझं आधार-पॅन, दोघींचे फोटो. काउंटरवरच्या मॅडमनी "मिस्टर नाही आले?" एवढं विचारलं. पालक म्हणून आई चालते, हे रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच सांगून ठेवलंय, आणि मी ते पाठ करून गेले होते. पण त्या पुढे काही बोलल्याच नाहीत. माझी तयारी फुकट.

मग त्यांनी लेकीचं आधार हातात घेतलं. त्यावर आठ महिन्यांची, टक्कल असलेली, तोंडात मूठ घातलेली माझी मुलगी. मॅडमनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "बायोमेट्रिक अपडेट केलेलं नाही. हे होऊन आलं की या."

पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे, डोळे काही घेत नाहीत. पाच पूर्ण झाली की ते द्यायचे असतात, आणि पुन्हा पंधराव्या वर्षी. पाच ते सात या वयात केलं तर फुकट. ती पाचची झाली तेव्हा लॉकडाऊनमध्ये आम्ही भांडी घासत होतो, आधार कुणाला आठवतंय? सात उलटल्यावरही केलं नाही तर आधार बंदही पडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जुलैत पहिल्या केंद्रावर साडेनऊला पोहोचलो. टोकन संपलेली. कधी सुटतात? "साडेसातला या." दुसऱ्या शनिवारी भांडुपहून पावसात साडेसातला गेलो. टोकन मिळालं, अठरावं. अकराला सर्व्हर गेला. एकपर्यंत बसलो, मग "सोमवारी बघा". सोमवारी तिची शाळा आणि माझं ऑफिस असतं हे कुणाला सांगायचं? लेकीने तिथे बसून गणिताचा अख्खा गृहपाठ संपवला, हा एकच फायदा. मी मात्र येताना रिक्षात तिच्यावर विनाकारण ओरडले.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेलो. हे आधीच का केलं नाही, असं नवरा म्हणाला. त्याला उत्तर दिलेलं नाही. तिथे तिचे ठसे उमटेनात. पावसात भिजून बोटं सुरकुतलेली. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "केसांवरून बोटं फिरव." फिरवली, आणि लागले की! तेव्हा मुलांना नेताना हात कोरडे ठेवा, रुमाल न्या. डोक्याला तेल लावलं असेल तर आणखी बरं.

शंभर रुपये भरले. १ ऑक्टोबरपासून सात ते पंधरा वयाच्या मुलांना वर्षभर हेच मोफत केलं म्हणे! शंभर रुपयांचं काही नाही, पण चिडचिड झालीच.

आणखी एक, जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. आधारला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते बघून ठेवा. आमच्याकडे नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर होता. तिथेच बदलून घेतला, नाहीतर पुढे ओटीपीसाठी पुन्हा तीच रांग.

गौरी-गणपतीच्या धामधुमीत खातं उघडलं. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीने खातं चालवू शकतं. मर्यादा काय ठेवायची ते बँक ठरवते. आम्ही तसंच घेतलं. सहीसाठी लेकीने आदल्या रात्री वहीची तीन पानं भरली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी इतकी लांबवली होती की मॅडम म्हणाल्या, "बाळा, दर वेळी अशीच येईल का?" ती म्हणाली, येईल. अठराची झाली की नमुना सही पुन्हा द्यावी लागेलच.

व्याजाचं विसरलेच. मुलांच्या बचतीवरचं व्याज आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. आमच्याकडे ते माझ्याच उत्पन्नात धरलं जाणार.

९ सप्टेंबरला चेक भरला, मुदतीला जेमतेम दोन-तीन दिवस उरलेले. स्लिप तिने स्वतः लिहिली, 'पाच हजार फक्त', आणि 'फक्त'च्या खाली दोन रेघा ओढल्या. शिक्का मारलेला अर्धा कागद आता तिच्या कंपासपेटीत आहे. सासरे फोनवर म्हणाले, "एवढा वेळ?"