नाशिक ते नांदेड : गोदाकाठाने एकटीचा प्रवास

नाशिककर गोदावरीला सहसा गोदावरी म्हणत नाहीत. रामकुंडाकडे निघालेला माणूस ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच सांगतो. ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीचा आपल्या दारातला तेवढाच भाग मला ठाऊक होता, म्हणून जानेवारीत चार दिवसांची रजा काढून मी मोटारीने, एकटीच, तिच्या काठाकाठाने नांदेडपर्यंत गेले.

पहाटे साडेपाचला निघाल्यामुळे उजाडता उजाडता निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला पोचले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षे गाळ साचून येथे पाणथळ जागा तयार झाली आणि तीच पुढे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. तेथील निरीक्षण मनोऱ्यावर मी अडीच तास बसले. सोबत कोणी असते तर अर्ध्या तासातच चहाची आठवण निघाली असती. एकटी असल्यामुळे जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून उघड्यावर येईपर्यंत निवांत थांबता आले, आणि एकटीने निघण्याचे सुख मला तेथे प्रथम नीट कळले. पक्ष्यांसाठी जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, ऊन चढण्यापूर्वी पोचावे आणि दुर्बीण न्यावी.

कोपरगाव, पुणतांबे मागे टाकून दुपारी नेवाशाला आले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली असे मानतात, त्या पैस खांबापाशी गर्दी नव्हती. पुढे टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. संगमावरच्या सिद्धेश्वर मंदिराची दगडी कलाकुसर पाहण्यासाठी तासभर तरी राखून ठेवावा.

या संपूर्ण पट्ट्यात हिवाळ्यात ऊसतोड चालू असते. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अंधारात मागच्या दिव्यांशिवाय चालतात, त्यामुळे दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम मी कटाक्षाने पाळला आणि तो प्रत्येकाने पाळावा असे मला मनापासून वाटते.

पैठणला मुक्काम होता. तेथे एका भक्तनिवासात, एकट्या व्यक्तीला खोली देत नाही असे सांगून मला परत पाठवले. ते फार लागले. एकट्याने निघणाऱ्यांनी हा प्रश्न फोनवर आधीच विचारून घ्यावा आणि मुक्काम ठरवूनच निघावे.

सकाळी बाहेरच्या नाथमंदिरात एकनाथांच्या समाधीचे दर्शन घेऊन जायकवाडी धरणाकडे गेले. सुमारे १० किलोमीटर लांबीची भिंत आणि समोर समुद्रासारखा नाथसागर. गंगापूर, दारणा धरणांतून पाणी खाली सोडायचे की नाही यावर आमच्याकडे पाऊस कमी झाला की वाद पेटतो, आणि मीही आजवर तो केवळ नाशिकच्या बाजूने वाचत आले होते. धरणाखाली मात्र नदीचे पात्र जवळजवळ कोरडे होते. कडेला धुणे धुणाऱ्या एका आजींनी विचारले, “एकटीच आलीस का गं बाई?” नाशिकहून आले म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे गंगेच्या माहेरची!” नंतर तासभर त्या गेल्या काही दुष्काळांविषयी बोलत राहिल्या. चारचौघांच्या घोळक्यात असते तर त्या माझ्याशी इतक्या मोकळेपणाने बोलल्या नसत्या.

पैठणहून गेवराई, माजलगाव करत जनाबाईंच्या गंगाखेडला आणि तेथून पालम, लोहामार्गे नांदेडला पोचले. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींचे जेथे देहावसान झाले, त्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात दर्शन घेऊन लंगरमध्ये पंगतीला बसले. एकट्या प्रवाशाला जेवताना सर्वांत जास्त अवघडल्यासारखे होते. येथे ते क्षणभरही जाणवले नाही.

परतताना परभणीमार्गे जालन्याला येऊन समृद्धी महामार्ग धरला. दुचाकीला तेथे परवानगी नाही. रस्ता सरळ आणि एकसुरी असल्याने एकट्या चालकाला डुलकी लागण्याचा धोका खरा आहे, म्हणून जेवण हलके ठेवावे आणि दर दीड तासाने सेवा केंद्रावर थांबून पाय मोकळे करावेत, कारण महामार्गाच्या कडेला गाडी उभी करणे धोक्याचे असते. निघण्यापूर्वी स्टेपनीसह सर्व टायरांची हवा तपासून घ्यावी, आणि घरी फोन करण्याची रोजची वेळ ठरवावी. माझी संध्याकाळी सातची होती.