केळीच्या खांबातलं पोटॅश

रावेरला मामांची केळी आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी तिकडे होतो, बाग निसवायला लागलेली, म्हणजे घड बाहेर पडू लागलेले, आणि नेमकं पोटॅश खत मिळेना. तीन कृषी सेवा केंद्रं फिरलो, चौथ्याकडे होतं, पण आधी हजाराच्या आसपास मिळणारी गोणी १७०० ला आणि वर लिंकिंग म्हणून, म्हणजे खत हवं तर हेही घ्या म्हणत, एक टॉनिकची बाटली घ्यायलाच लावली. मामा गप्प बसून पैसे मोजत होते ते अजून डोळ्यासमोर आहे. केळीला नत्रापेक्षा पोटॅश जास्त लागतं, ते कमी पडलं की फण्या भरत नाहीत, आणि व्यापारी बागेत पाय ठेवताच ते ओळखतो.

झालं असं होतं की जगातलं साधारण दोन तृतीयांश पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीनच देशांतून येतं. कॅनडात सस्कॅचवानला १९४३ मध्ये तेलासाठी बोअर मारताना ते सापडलं, जुन्या आटलेल्या समुद्राचं मीठच ते, किलोमीटरभर खाली. बेलारूसवर निर्बंध आले, १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने त्यांचा माल क्लायपेडा बंदरापर्यंत नेणारी रेल्वे वाहतूक थांबवली, आणि त्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. २०२१ च्या सुरुवातीला भारताचा टनाला २४७ डॉलरने सौदा झालेला, तो पुढच्या वर्षी ५९० वर गेला. आपल्याकडे पोटॅशची एकही चालू खाण नाही, जवळपास सगळं बाहेरून येतं, म्हणजे भाव ठरवणारे ते आणि भरणारे आपण. नंतर भाव उतरले हे खरं, पण त्या हंगामात ज्यांनी डोस कमी केला त्यांचे घड काही परत भरले नाहीत.

काळ्या जमिनीत पोटॅश भरपूर असतं असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय, मुळात असतंही, पण दरवर्षी केळीचे ट्रक भरून ते बाहेर पाठवायचं आणि परत काही टाकायचं नाही तर किती दिवस पुरणार? आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे की घड कापल्यावर खांब बांधावर फेकतात, त्या खांबात आणि पानांत एवढं पोटॅश असतं, आपणच विकत घेतलेलं! उसाचंही तसंच, त्याचं पोटॅश मळीत जातं, तिथून डिस्टिलरीत, आता निदान तिथलं सांडपाणी जाळून उरलेल्या राखेपासून केलेल्या पोटॅश खताला सबसिडी तरी मिळते.

यंदा मामांनी अर्ध्या एकरातले खांब कुट्टी करून तिथेच पसरलेत. लागणीआधी माती तपासायला देणार आहेत, रिपोर्ट आला की इथे टाकतो.