एस्प्रेसोच्या एका शॉटला कॉफी किती?

इटलीतलं जुनं माप सरळ आहे: 7 ग्रॅम पूड, 9 बार दाब, साधारण 25 सेकंदांत 25 मिली कॉफी. डबलला 14 ग्रॅम. आता बरेच कॅफे डबलला 18 ग्रॅम भरतात आणि कपात 36 ग्रॅम उतरवतात.

किती भरायचं हे बास्केट, म्हणजे पूड भरायची बारीक भोकांची धातूची वाटी, ठरवते. 18 च्या बास्केटमध्ये 21 कोंबले, तर फुगलेली पूड वरच्या जाळीला टेकते, पाणी सगळीकडे सारखं झिरपत नाही आणि एकाच घोटात आंबट-कडू दोन्ही लागतं. चमच्याने मोजूच नका, 0.1 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच.

शॉट 15 सेकंदांत धावला? पूड वाढवू नका, दळण बारीक करा. गडद भाजलेली कॉफी तेवढ्याच वजनात जास्त जागा घेते. तिथे एखादा ग्रॅम कमीच बरा.