ऑइल प्रेशरची सुई वळणावर पडते तेव्हा

फोंड्याच्या आमच्या मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, इंजिन उघडून बिग एंड बेअरिंगची (पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रॅंकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, जिथे बसतो तिथलं बेअरिंग) एक वाटी माझ्या हातावर ठेवली तो दिवस डोळ्यासमोरून जात नाही. मे महिना, गॅरेजचा पत्रा तापलेला, शर्ट पाठीला चिकटलेला आणि तळहातावर ती पातळशी अर्धगोल पट्टी. चांगल्या बेअरिंगला आतून एकसारखा मऊ राखाडी रंग असतो, हिच्यावरचा तो राखाडी थर मधोमध पूर्ण गेला होता, खालचं तांबं चमकत होतं आणि नख फिरवलं तर चरे लागत होते. मेस्त एवढंच म्हणाला, "पळय, तांबें दिसता." तो राखाडी थर असतोच जेमतेम वीसेक मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कितीतरी पातळ, एकदा गेला की गेला.

झालं होतं असं की आम्ही चौघं मित्र गाड्या घेऊन कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेला गेलो होतो (गोव्यात ट्रॅक नाही, त्यामुळे इकडच्या पोरांना हौस भागवायला एवढं लांब जावंच लागतं). माझी गाडी टर्बो पेट्रोल, ट्यून केलेली, त्यात त्या वेळी पहिल्यांदाच सेमी स्लिक (ट्रॅकसाठीचे, जवळपास गुळगुळीत) टायर टाकलेले, त्यामुळे वळणात गाडी रस्त्याला अशी काय चिकटत होती की मी नुसता खूश होतो. तिसऱ्या सेशनला एका लांब उजव्या वळणावर ऑइल प्रेशरची सुई खाली गेलेली मला दिसली, पुढच्या क्षणी परत वर, मला वाटलं सेन्सरची वायर सैल असेल, सरळ रस्त्यावर सगळं ठीक दिसत होतं म्हणून मी अजून चार लॅप मारले. पाचव्याला टक टक आवाज सुरू झाला.

घरी आल्यावर लॉगरची (गाडीचे आकडे सतत नोंदवणारं यंत्र) फाइल उघडली तर सगळं त्यात लिहिलेलं होतं. सरळ रस्त्यावर ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ६४ पीएसआय (प्रेशरचं माप), एकदम मस्त आकडा. त्या वळणात शिरल्यावर साधारण दीड सेकंदाने प्रेशर कोसळून १८ वर, तिथे पाऊण सेकंदाच्या वर थांबलं आणि मग परत चढलं. प्रत्येक लॅपला, त्याच जागी. आता पाऊण सेकंद म्हणजे काय ते बघा, ६००० आरपीएमला क्रॅंक सेकंदाला १०० फेरे मारतो, म्हणजे पंचाहत्तर फेरे, आणि तेही इंजिनवर पूर्ण लोड असताना. आणि डॅशबोर्डवरचा तो लाल किटलीचा दिवा? तो लागलाच नाही, कारण बहुतेक गाड्यांत तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली, म्हणजे पाच-सात पीएसआयच्या आसपास आल्यावरच लागतो. ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ठीक आहे ते, ट्रॅकवर तो दिवा लागेपर्यंत बेअरिंगचं काम झालेलं असतं.

सुई पडायचं कारण एकदम साधं आहे. साध्या गाडीत तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात असतं आणि पंपाची जाळी त्या तेलात बुडालेली असते. वळणात गाडीवर बाजूने १ जी, म्हणजे तिच्या वजनाएवढाच जोर बसला की चेंबरमधल्या तेलाची पातळी ४५ अंशात तिरकी होते, म्हणजे उजव्या वळणात सगळं तेल डाव्या भिंतीवर चढून बसतं आणि जाळी उघडी पडते. साध्या टायरवर तेवढा जी सहसा येत नाही, टायर आधी घसरतात, म्हणूनच कंपनीने दिलेल्या टायरवर मला कधी काही जाणवलं नव्हतं, चोरला घाटातही नाही. चांगले टायर टाकले आणि आजवर झाकलेली अडचण बाहेर आली. त्यात जास्त आरपीएमला बरंचसं तेल वर हेडमध्ये असतं, खाली यायला वेळ लागतो, म्हणजे डिपस्टिकवर फुल दिसणारं तेल पळताना चेंबरमध्ये तेवढं नसतंच.

पंप तेलाऐवजी हवा ओढायला लागला की खेळ संपला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, मला स्वतःला ती फार उशिरा समजली. आपल्याला वाटतं पंपाच्या प्रेशरवर क्रॅंक उचलला जातो. तसं नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता, त्याने तेल घालायला बेअरिंगच्या वरच्या बाजूला भोक पाडलं तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून बाहेर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं, मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी गेज लावला तर काटा २०० पीएसआयच्याही पार गेला. तिथे कुठलाही पंप नव्हता! फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून भाराच्या बाजूच्या फटीत दाबतो आणि त्या तेलावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं आणि आजही आपल्या इंजिनमधलं प्रत्येक बेअरिंग त्याच गणितावर चालतं.

म्हणजे पंपाचं खरं काम काय तर तेल तुटू न देणं. क्रॅंक आणि बेअरिंगमधली फट साधारण ०.०५ मिलिमीटर, त्यातून तेल सतत बाजूने गळत असतं, ते गळणारं तेल भरून काढणं आणि जाताना उष्णता बाहेर नेणं, बस. गेजवर दिसतो तो आकडा म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलाला त्या फटींमधून जाताना किती अडथळा होतोय ते. त्यामुळे माझं आता ठाम मत झालंय की ६४ आहे की ७० आहे यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही, तो आकडा पूर्ण लॅपभर एकसारखा राहतो का ते बघा. जुन्या रेसिंगवाल्यांचा एक अंदाज आहे, दर १००० आरपीएमला १० पीएसआय, तो अजूनही कामाचा आहे, पण त्याच्या दुप्पट प्रेशर म्हणजे दुप्पट सुरक्षित असं अजिबात नाही, पंप फिरवायला इंजिनची ताकद जाते, तेल तापतं आणि जास्तीचं तेल शेवटी रिलीफ व्हॉल्व्हमधून परतच जातं. जाड तेल टाकून गेज वर नेणारे बरेच आहेत आपल्याकडे. जाड तेलाने अडथळा वाढतो म्हणून सुई वर दिसते, जाळी उघडी पडली तर ५० ग्रेडचं तेल काय आणि ३०चं काय, पंपाला हवाच मिळणार.

आणि सगळ्यात आधी बिग एंड बेअरिंगच का जातं तर ते रांगेत शेवटचं असतं. तेल आधी गॅलरीत (इंजिनमधली तेलाची मुख्य वाट), तिथून क्रॅंक ज्यावर बसतो त्या मेन बेअरिंगला, तिथून क्रॅंकच्या आतल्या भोकातून कनेक्टिंग रॉडपर्यंत. आणि पेटलेल्या पेट्रोलचा सगळा मार थेट त्याच्यावर.

उपाय मेस्तने सांगितला. तो माणूस गाड्यांकडे यायच्या आधी बरीच वर्षं खनिजाच्या बार्जवर इंजिनरूममध्ये होता, मांडवी-झुआरीवर. म्हणाला, बार्जच्या डिझेलच्या टाकीत आडवे पडदे असतात, नाहीतर लाट आली की सगळं डिझेल एका बाजूला धावतं आणि इंजिन हवा ओढतं, तुझ्या चेंबरला पडदे घाल. कुठ्ठाळीला बोटींचं आर्गन वेल्डिंग करणारा एक जण आहे, त्याच्याकडे चेंबर घेऊन गेलो. जाळीच्या भोवती चार भिंतींची एक पेटी केली आणि प्रत्येक भिंतीला छोटं बिजागरीचं झाकण, जे फक्त आतल्या बाजूला उघडतं. तेल बाहेरून पेटीत येऊ शकतं, पेटीतून बाहेर जाऊ शकत नाही. पहिलं झाकण बसवलं आणि चेंबर हातात तिरका केल्यावर ते कट्ट करून आपोआप बंद झालं तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. क्रॅंकच्या खाली विंडेज ट्रेही बसवला, म्हणजे फिरणारा क्रॅंक तेल घुसळून फेस करत नाही. फेस आलेलं तेल म्हणजे अर्धी हवाच, त्यामुळे ट्रॅकला जाताना लिटरभर जास्त तेल ओतणाऱ्यांनी जरा जपून, पातळी क्रॅंकपर्यंत गेली की तोच ते फेटून काढतो. मी अर्धा लिटर जास्त ठेवतो, त्याच्या वर नाही.

याच्या पुढचे उपायही आहेत. अ‍ॅक्युसम्प म्हणून एक नळकांडं येतं, एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला तेल, मध्ये पिस्टन, प्रेशर पडलं की ते आपलं तेल इंजिनला देतं, शिवाय स्टार्ट करण्याआधी बेअरिंग भिजवायलाही उपयोगी. आणि खरा राजा म्हणजे ड्राय सम्प, चेंबरमध्ये तेल ठेवायचंच नाही, वेगळे पंप ते ओढून एका उंच टाकीत नेतात आणि प्रेशर पंप त्या टाकीच्या तळातून तेल घेतो, उंच अरुंद टाकीचा तळ वळणात उघडा पडत नाही. पोर्शच्या ९११ला हे १९६४ पासून होतं, कॉर्व्हेट झेड०६ला २००६च्या मॉडेलपासून आलं. माझ्या बजेटच्या आणि बोनेटखालच्या जागेच्या बाहेरचं आहे ते.

क्रॅंक ग्राइंड करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंग टाकले, प्रत्येक जर्नलवर (क्रॅंकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) प्लास्टिगेज, म्हणजे दाबल्यावर किती पसरतो त्यावरून फट सांगणारा मऊ धागा, ठेवून फट मोजली, मेस्तने वहीत लिहून घेतली. लॉगरमध्ये एक अलार्मही लावला, ४००० आरपीएमच्या वर प्रेशर ४०च्या खाली गेलं की थेट डोळ्यासमोर मोठा लाल दिवा. दिवाळीनंतर परत करीला गेलो, तेच टायर, तेच वळण. पहिले तीन लॅप मी रस्ता कमी आणि गेज जास्त बघत होतो. संध्याकाळी पिटमध्ये लॅपटॉप उघडला, त्या वळणात ६२ वरून ५५, तिथेच स्थिर, आणि वळण संपल्यावर परत ६२. वीस लॅपमध्ये एकदाही पन्नासच्या खाली नाही. तिथूनच मेस्तला फोन लावला, तर त्याने पहिलं विचारलं, "आनी तेलाचें टेंपरेचर?"

ते १३२ अंशांवर गेलं होतं. तापलेलं तेल पातळ होतं, त्यामुळे शेवटच्या पाच लॅपमध्ये सरळ रस्त्यावरचं प्रेशरही ६२ वरून ५७ वर उतरलेलं लॉगमध्ये दिसतंय. थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर मागवलाय, पावसाळ्याआधी बसवायचा आहे.