उन्हाचा सेल उन्हानेच कसा बिघडतो?

टँडेम सोलर सेलवर काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: उन्हासाठी बनवलेली वस्तू उन्हानेच कशी बिघडते? प्रश्न रास्त आहे. सिलिकॉनचं पॅनल तर छतावर 25 वर्षं निमूट चालतं.

टँडेममध्ये खाली सिलिकॉन असतं आणि वर पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाचा जेमतेम मायक्रॉनभर थर. उन्हातली किती ऊर्जा विजेत बदलते, याची एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे 29.4 टक्के, चीनच्या लोंगी कंपनीने 2024 मध्ये टँडेमवर 34.6 टक्के गाठले. पेपरात येतो तो हाच आकडा.

घोळ वरच्या थरात आहे. त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, 1.68 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लागतो आणि नुसत्या आयोडाइडने तेवढा मिळत नाही, म्हणून ब्रोमाइड मिसळतात. प्रकाश पडला की हे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सरकायला लागतात. आयोडाइड एकीकडे गोळा होतं, ब्रोमाइड दुसरीकडे. स्टॅनफर्डच्या एरिक होक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हे दाखवलं. मिनिटभरात बदल दिसला, आणि अंधारात ठेवल्यावर काही मिनिटांत तो नाहीसाही झाला. आयोडाइड साचलेल्या जागी बँडगॅप कमी, त्यामुळे विद्युतभार तिथेच जाऊन अडकतात आणि व्होल्टेज घसरतं. त्यात दोन्ही सेल बहुधा सिरीजमध्ये जोडलेले. बैलजोडीतला एक बैल रेंगाळला की गाडीच रेंगाळते, तसं वरच्याचा प्रवाह घटला की खालच्या धडधाकट सिलिकॉनचाही उपयोग उरत नाही.

उपाय आहेत. पेरोव्स्काइटमधला मिथाइलअमोनियम हा घटक काढून त्याजागी फॉर्मॅमिडिनियम आणि सीझियम घालतात. सीझियमने बँडगॅप थोडा वाढतो, म्हणजे ब्रोमाइड तेवढं कमी लागतं. मला हाच मार्ग सगळ्यांत शहाणा वाटतो. दुखणं मुळातच कमी होतं. शिवाय कणांच्या सीमांवरचे आणि पृष्ठभागावरचे दोष बुजवतात, कारण आयनांना वाट मिळते ती तिथून.

पण सलग दिव्याखाली टिकलेला सेल दिवस-रात्रीच्या फेऱ्यांत टिकेलच असं नाही. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की मी विचारते, किती तास आणि किती तापमानाला? प्रयोगशाळेतले 25 अंश कुठे आणि विदर्भातल्या मे महिन्यात हात न लावण्याइतकं तापलेलं पॅनल कुठे!

मग आम्ही थांबायचं का, असंही विचारता. नको. ऑक्सफर्ड पीव्ही या ब्रिटिश कंपनीने 2024 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकाला टँडेम पॅनलं पाठवली खरी, पण 25 वर्षं उन्हात काढलेलं पेरोव्स्काइटचं टँडेम अजून जगात कुठेच नाही. छत तयार असेल तर सिलिकॉनचं लावून मोकळे व्हा.