आईचा तंबोरा आणि मिरजेची कानस

रात्रभर आईचा तंबोरा मांडीशी सांभाळत बसून पहाटे मी मिरज जंक्शनला उतरले, तेव्हा फलाटावरच्या हमालाने गवसणीचा आकार एकदा पाहिला आणि मी काही सांगण्याआधीच रिक्षावाल्याला हाक मारली, “सतारमेकर गल्ली!” सोबतचे वाद्य पाहून प्रवाशाचा पत्ता ओळखला जावा, असा अनुभव मला यापूर्वी कोणत्याही स्थानकावर आलेला नव्हता.

तंबोरा आईच्या तरुणपणी मिरजेतूनच घेतलेला होता. तिचे गाणे सुटल्यावर तो दहा-बारा वर्षे कपाटामागे उभा राहिला. गेल्या वर्षी मी तो बाहेर काढला आणि आमच्या शहरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला. त्याने नव्या तारा चढवल्या, भोपळ्याला चकचकीत पॉलिश केले आणि जाता जाता घोडीवरूनही, म्हणजे तारांना आधार देणाऱ्या छोट्या तुकड्यावरूनही, कानस फिरवली. घरी आणून छेडला, तर सूर बरोबर असूनही आवाज लाकडावर बोट वाजवावे तसा बसका येत होता. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर त्याची जवारी गेली होती.

गल्लीतल्या ज्या कारखान्यात मी पोहोचले, तिथले वयस्कर कारागीर, ज्यांना सगळे चाचा म्हणत होते, ते त्या वेळी दुसऱ्याच कामात होते. त्यामुळे मला तासभर नुसते पाहत बसायला मिळाले आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. माळ्यावर वाळलेले भोपळे एकावर एक रचून ठेवले होते. हे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. हा खायचा भोपळा नव्हे. कडू भोपळा, जाड सालीचा. तो वेलावरच पिकवतात आणि मग महिनोन्‌महिने वाळू देतात. एका कोपऱ्यात माथा कापलेला एक भोपळा पाण्यात भिजत होता. भिजून मऊ झाला की आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि तोंड हवे तेवढे रुंद होण्यासाठी आत बांबूच्या कामट्या आडव्या ताणून बसवायच्या. त्या ताणातच तो पुन्हा वाळतो. निसर्गाने दिलेला घेर असा थोडा थोडा वळवत नेतात, जबरदस्तीने नाही, कारण घाई केली तर तो सरळ तडकतो.

शेजारी एक मुलगा तुणीच्या लाकडाची दांडी आतून पोखरत होता. दांडी पोकळ असते आणि वरून सपाट पट्टीने झाकलेली असते, ही गोष्ट इतकी वर्षे तंबोरा हाताळूनही मला ठाऊक नव्हती. चाचा स्वतः तबलीवर, म्हणजे भोपळ्याचे तोंड झाकणाऱ्या लाकडी फळीवर, रंधा मारत होते. दर दोन-चार हातांनंतर ते थांबायचे, फळी कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकायचे आणि मग पुन्हा एकाच बाजूला थोडेसे तासायचे. जाडी किती ठेवायची, असे मी विचारल्यावर त्यांनी फळी माझ्या कानाशी आणली आणि आधी मध्यावर, मग काठाशी ठोकून दाखवली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. “मग अजून बसा,” ते म्हणाले.

मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाले. करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. संस्थानांची शस्त्रे उतरली आणि त्या घरांतले हात रिकामे झाले. फरीदसाहेब हे नाव त्या सुरुवातीशी जोडलेले आहे. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दरबारात येणाऱ्या गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता ते नवी वाद्ये घडवू लागले. “आमच्या घरात कानस आधी आली, सतार नंतर,” चाचा म्हणाले. हे वाक्य त्यांनी बहुधा अनेक पाहुण्यांना ऐकवले असेल, पण ते म्हणताना हातातली कानस त्यांनी ज्या तऱ्हेने उलटी करून पाहिली, ती सवय मात्र पाहुण्यांसाठी नव्हती.

माझा तंबोरा त्यांनी हातात घेतला तेव्हा तारा छेडल्याच नाहीत. आधी भोपळ्यावर नखाने टकटक करत पूर्ण फेरी मारली, मग गळ्याचा सांधा अंगठ्याने दाबून पाहिला. “वाद्याला काही झालेलं नाही, ताई. झालंय ते एवढ्यातच,” असे म्हणून त्यांनी घोडीवर बोट ठेवले.

इथे थोडे थांबून जवारीविषयी सांगायलाच हवे. तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनसारखी धारदार नसते. तिचा माथा दोन बोटे रुंद असून त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उतारावरून पुढे जाते, आणि कंप पावताना क्षणोक्षणी घोडीला निसटता स्पर्श करत राहते. त्या स्पर्शातून मूळ स्वराबरोबर वरच्या स्वरांची सगळी रांग जागी होते, आणि खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या, तारेतून कोणीही न लावलेला गांधार ऐकू येतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच घोडीकडे लक्ष वेधले होते. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे त्या वरच्या स्वरांचा, स्थिर (न हलणारा) बिंदू येतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा नियम आहे. तंबोऱ्यात ते ऐकू येतात. भौतिकशास्त्राला ज्याची दखल घ्यावी लागली, तो उतार प्रत्यक्षात कानशीने आणि कानाने दिला जातो, मोजपट्टीने नव्हे.

आमच्या दुरुस्ती करणाऱ्याने नेमका तो उतारच सपाट करून टाकला होता. “काढलेलं परत लावता येत नाही,” चाचा म्हणाले, पण ते चिडले नाहीत. घोडी बदलायची का, असे मी विचारले. पूर्वी श्रीमंत वाद्यांना हस्तिदंताची घोडी असे. ते कायद्याने बंद झाले. आता हाड, शिसवी लाकूड, कृत्रिम पदार्थ, सगळेच वापरात आहे. आईच्या तंबोऱ्याची घोडी जुन्या, मुरलेल्या हाडाची होती, आणि ती फेकायला चाचा तयार नव्हते. पुन्हा उतार काढला की घोडी बुटकी होणार, म्हणून पायांखाली लाकडाची पातळ चिपाटी घालायची, असे त्यांनी ठरवले.

कानस हातात घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पट्टी कोणती?” म्हणजे गाताना मूळ षड्ज कोणता, हे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगायचे. आईची काळी चार होती, माझी पांढरी पाच आहे. अर्ध्याच स्वराचा फरक, तरी त्यांनी कानस खाली ठेवली, चारही तारा माझ्या पट्टीत उतरवल्या आणि मगच काम सुरू केले, कारण तारेचा ताण बदलला की तिची घोडीवरची चालही बदलते. मग तार बाजूला सारायची, कानशीचे तीन-चार हलके हात, फुंकर, तार जागेवर, छेड. पुन्हा बाजूला. पंचमाला अर्धा तास गेला. जोडीचे दोन षड्ज त्या मानाने लवकर आले. खर्जाची पितळी तार जाड, तिला पावणेदोन तास लागले, आणि त्या वेळात कारखान्यातले कोणीही त्यांच्याशी बोलले नाही. मुलाच्या मोबाइलवर सूर तपासणारे ॲप होते. ते सूर लावायला चालते, जवारीला त्याचा काही उपयोग नाही, असे मुलानेच सांगितले.

शेवटी दोरा. प्रत्येक तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवून चाचांनी तो केसाकेसाने मागे-पुढे केला, आणि एका जागी तंबोरा अचानक उघडला. दुसरा शब्द मला सापडत नाही. खोलीत गांधार उभा राहिला आणि दांडी पोखरणाऱ्या मुलाने मान न उचलता “हां” म्हटले.

मी लगेच पेन्सिल पुढे केली: धाग्याच्या जागेवर खूण करून द्या, म्हणजे घरी धागा सरकला तर चुकायला नको. चाचांनी नकार दिला. हवा बदलली, तार जुनी झाली, की जागाही बदलणार; खूण केली तर मी खुणेकडे पाहीन, ऐकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे घेतानाही त्यांनी घासाघीस होऊ दिली नाही, पण रिळातला हातभर धागा मात्र तसाच दिला.

गाडीला वेळ होता म्हणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये गेले, ते याच आवारात विसावले आहेत, आणि दरवर्षी उरुसात गवई इथे येऊन गातात. खाँसाहेबांच्या गाण्यात तंबोरा किती सुरेल लागलेला असावा लागे, याच्या गोष्टी मिरजेत अजून सांगतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला आनंदच आहे. परंतु मानांकन गावाचे असते. खर्जाच्या तारेवरच्या त्या पावणेदोन तासांना कोणता शिक्का मारणार, हे मला उमगलेले नाही.

घरी पोहोचेपर्यंत प्रवासाच्या हादऱ्यांनी चारही धागे सरकले होते. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि पंचमापासून सुरुवात केली. पहिले तीन सापडायला रात्रीचे अकरा वाजले. खर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी लागला, आणि आतल्या खोलीतून आईने विचारले, “मिरजेला जाऊन आलीस वाटतं?”