यंदाची आषाढी घरातूनच

आज १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. कोरोनामुळे यंदा पायी वारी नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका काल एसटीनं पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकेच मानकरी. मला कळायला लागल्यापासून अप्पांची वारी कधी चुकली नव्हती. गुडघे दुखायला लागले तरी ते जायचेच.

सकाळी त्यांना विचारलं, "फार वाईट वाटतंय का?"

"वाटणारच की. पण वाटेत ज्यांच्या ओसरीवर आम्ही निजतो, त्यांच्याच घरात हा रोग नेऊन टाकायचा का?"

मला हे पूर्ण पटलं. सासवड, वाल्हे, तरडगाव, भंडीशेगाव... मुक्कामाला दाटीच्या राहुट्या, पंगत एक, पाण्याचा टँकर एक. दिंडीत साठी ओलांडलेले कितीतरी. त्यात लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही हा आजार पसरतो. लहान गावातल्या आरोग्य केंद्रात व्हेंटिलेटर कुठून येणार?

पण या त्यागाचा भार सगळ्यांवर सारखा नाही, हे बोललंच पाहिजे. अप्पांची वारी हुकली, पेन्शन चालू आहे. पंढरपुरात तुळशीमाळा, बुक्का, चुरमुरे विकणाऱ्या कितीतरी जणांचं वर्ष या यात्रेवर निघतं. लोकांचे जीव वाचावेत म्हणून त्यांनी पोटाला चिमटा घेतलाय. त्यांची चूल पेटती ठेवणं हे माझ्या मते आपल्यासारख्या पगारदारांचं कामच आहे.

वारीसाठी बाजूला काढलेले पैसे अप्पांनी दुपारी तिथल्या ओळखीच्या माळवाल्याला पाठवायला लावले. तुमच्याकडेही असे पैसे पडून असतील, तर पंढरपुरात ओळखीचं कोण आहे ते आजच बघा.